निकाल मान्य, कारण अमान्य : ब्रेडी आणि मॅनिंग यांच्याविषयी न्यू इंग्लंडमधील मराठी फुटबॉलप्रेमींना खुले पत्र

प्रति,
बॉस्टन आणि न्यू इंग्लंड परिसरातील मराठी फुटबॉलप्रेमी मंडळी,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी गेली पंचवीस वर्षे राहतो. आपल्यापैकी अनेकांना हे गाव ऐकून माहीत असेल, कारण डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय येथे आहे आणि कोथरूडच्या कारखान्याशी असलेल्या नात्यामुळे येथे बरीच मराठी घरे आहेत. इंडियानापोलिस येथून मोटारीने पाऊण तासावर. त्यामुळे अमेरिकन फुटबॉल आम्ही शिकलो तो आमच्या कोल्ट्स संघाच्या पेटन मॅनिंगकडे पाहत, आणि आपण शिकलात तो आपल्या पेट्रियट्स संघाच्या टॉम ब्रेडीकडे पाहत. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती घेऊन पास टाकणारे खेळाडू. माझ्या थोरल्या मावसबहिणीचे यजमान, ज्यांना आम्ही सारे भाऊजी म्हणतो, बॉस्टनजवळ राहतात. कोल्ट्स आणि पेट्रियट्स यांचा सामना असला की त्या रविवारी आमच्या दोन घरांत किमान चार वेळा फोन होत असे. या पत्राची सुरुवात खरे तर त्या फोनांपासूनच झालेली आहे.

पत्र आज लिहिण्याचे कारण असे की, निवृत्तीनंतरची पाच वर्षांची अट पूर्ण करून ब्रेडी २०२८ च्या तुकडीसाठी ओहायोतील कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मानदालनात, निवडीस पात्र होतो आहे. मॅनिंगची निवड २०२१ मध्ये, पात्र होताच पहिल्याच वर्षी, झाली. आता हा जुना वाद पुन्हा उकरून निघेल, आणि गेली काही वर्षे गणपतीच्या आरतीनंतर किंवा दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत तो ज्या रीतीने मिटवला जातो त्याच रीतीने मिटवला जाईल. कोणीतरी विचारतो, "सात मोठे की दोन?" आणि प्रश्न तिथेच संपतो. ब्रेडीकडे सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकल्याच्या सात अंगठ्या आहेत, मॅनिंगकडे दोन. ज्या मुलांनी या दोघांपैकी एकालाही भर उमेदीत खेळताना पाहिलेले नाही, त्यांना आपण एवढेच शिकवतो.

मी आपल्याशी निकालावर भांडायला आलेलो नाही. दोघांच्या संपूर्ण कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवल्या तर ब्रेडीची कारकीर्द मोठी आहे, हे कोल्ट्सचा चाहता असूनही मी मान्य करतो. माझा आक्षेप आहे तो आपण देत असलेल्या कारणाला. अंगठ्या मोजून काढलेला निष्कर्ष मॅनिंगवर अन्याय करतोच, पण ब्रेडीने खरोखर जे केले तेही तो झाकून टाकतो, आणि हे दुसरे नुकसान आपण लक्षात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

प्रथम खेळाच्या रचनेकडे पाहू. टेनिसमध्ये दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे असतात. एकाचा चेंडू दुसरा परतवतो. फुटबॉलमध्ये दोन क्वार्टरबॅक एकाच वेळी मैदानावर असूच शकत नाहीत. ब्रेडी खेळत असताना मॅनिंग शिरस्त्राण काढून सीमारेषेबाहेर बाकावर बसलेला असतो, आणि मॅनिंग खेळत असताना ब्रेडी. हे दोघे १७ वेळा भिडले आणि त्यांपैकी ११ सामने ब्रेडीने जिंकले असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात ब्रेडीने कोल्ट्सच्या किंवा मॅनिंगच्या नंतरच्या संघाच्या, डेन्व्हर ब्रॉन्कोजच्या, बचावाशी सामना केलेला असतो आणि मॅनिंगने पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी आठवडाभर खपून बांधलेल्या बचावाशी. या दोन परीक्षा सारख्या अवघड नव्हत्या.

पहिलाच सामना घ्या. ३० सप्टेंबर २००१. आठवडाभरापूर्वी जेट्स संघाच्या मो लुईसने पेट्रियट्सचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याला जबर धडक दिली होती आणि म्हणून ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला, ज्याच्या आधी सहा क्वार्टरबॅकची निवड झाली होती असा हा तरुण, आयुष्यात प्रथमच संघाचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून फॉक्सबरोच्या मैदानावर उतरला. समोर होता मॅनिंगचा कोल्ट्स संघ. पेट्रियट्स ४४-१३ असे जिंकले. ब्रेडीने त्या दिवशी एकही टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) पास दिला नव्हता. मॅनिंगचे दोन पास मात्र पेट्रियट्सच्या बचावपटूंनी मध्येच हिसकावून थेट टचडाउनपर्यंत नेले. त्या हरण्यात मॅनिंगचा दोष होता, हे निर्विवाद. पण 'ब्रेडी एक, मॅनिंग शून्य' हा हिशेब त्या दिवसापासून लिहिला जाऊ लागला, आणि त्यातल्या ब्रेडीच्या बाजूच्या खात्यात जे जमा झाले ते बहुतांशी दुसऱ्यांनी कमावलेले होते.

प्लेऑफमधील, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांतील, पाच भेटींकडे तर जरा थांबून पाहिले पाहिजे. जानेवारी २००४ आणि जानेवारी २००५ मध्ये पेट्रियट्स जिंकले. जानेवारी २००७ मध्ये कोल्ट्स. जानेवारी २०१४ आणि जानेवारी २०१६ मध्ये मॅनिंगचे ब्रॉन्कोज. म्हणजे प्लेऑफमध्ये मॅनिंग तीन, ब्रेडी दोन. आमच्याकडचे लोक हा आकडा मोठ्या अभिमानाने पुढे करतात, आणि तेही मला पटत नाही, कारण या पाचही सामन्यांत यजमान संघ जिंकला आहे. पहिले दोन फॉक्सबरोच्या गोठवणाऱ्या थंडीत झाले, तिसरा इंडियानापोलिसच्या बंदिस्त छताखाली, शेवटचे दोन डेन्व्हरच्या उंचीवर. या पाच सामन्यांतून दोन माणसांची प्रतवारी लावायची असेल तर त्याआधी मैदानाचा, थंडीचा आणि प्रेक्षकांच्या गोंगाटाचा वाटा वजा करावा लागेल, आणि तो नेमका किती होता हे कोणी सांगू शकत नाही.

त्यातल्या २००४ च्या सामन्याची आठवण भाऊजी अजून काढतात. पेट्रियट्सच्या टाय लॉने मॅनिंगचे तीन पास पकडले, एकूण चार इंटरसेप्शन (बचावपटूंनी मध्येच पकडलेले पास) झाली, आणि पेट्रियट्स २४-१४ असे जिंकले. त्या दिवशी पेट्रियट्सचे बचावपटू कोल्ट्सच्या पास झेलणाऱ्या रिसीव्हरांना, नियमाने मनाई असताना, पाच यार्डांच्या पुढेही धरत आणि ढकलत होते आणि पंच शिट्टी वाजवत नव्हते. त्यानंतरच्या हंगामात लीगने या नियमाची अंमलबजावणी कडक केली, आणि कोल्ट्सचे अध्यक्ष बिल पोलियन हे नियम ठरवणाऱ्या समितीत असल्यामुळे आपल्याकडे आजही असे बोलले जाते की मॅनिंगसाठी नियम वाकवला गेला. नियम १९७८ पासूनचाच होता. पाळला जात नव्हता, तो पाळला जाऊ लागला. मॅनिंगने २००४ मध्ये ४९ टचडाउन पास देऊन डॅन मरीनोचा वीस वर्षांचा विक्रम मोडला, हे खरे. पण त्याच मोकळ्या वाऱ्याचा लाभ घेऊन ब्रेडीने २००७ मध्ये ५० दिले, हेही तितकेच खरे. पुढे मॅनिंगने २०१३ मध्ये तो आकडा ५५ वर नेला.

आता अंगठ्यांकडे येतो. अंगठी कशी मिळते याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ॲडम विनाटिएरी या किकरचा, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारून गुण मिळवणाऱ्या खेळाडूचा, उजवा पाय. १९ जानेवारी २००२ च्या रात्री फॉक्सबरोला बर्फ पडत होता. रेडर्सविरुद्ध ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला होता, तो 'टक रूल' म्हणून ओळखल्या गेलेल्या नियमामुळे परत मिळाला (हा नियम लीगने २०१३ मध्ये रद्द केला), आणि विनाटिएरीने त्या बर्फातून ४५ यार्डांची किक मारून बरोबरी साधली. जादा वेळेतली विजयी किकही त्याचीच. दोन आठवड्यांनी रॅम्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये शेवटच्या क्षणी ४८ यार्डांची, आणि आणखी दोन वर्षांनी पँथर्सविरुद्ध ४१ यार्डांची. ब्रेडीने चेंडू तिथवर आणला नसता तर त्या किक मारताच आल्या नसत्या. रॅम्सविरुद्ध १७-१७ अशी बरोबरी असताना, अवघी ८१ सेकंद उरलेली असताना आणि एकही टाइमआउट शिल्लक नसताना चोवीस वर्षांच्या मुलाने जे धैर्य दाखवले त्याला मी मनापासून दाद देतो. पण आमच्या बाजूला काय झाले तेही पाहा. जानेवारी २००६ मध्ये, १४ सामने जिंकून आलेल्या कोल्ट्सला स्टीलर्सविरुद्ध बरोबरीसाठी ४६ यार्डांची किक हवी होती. माइक वँडरजॅट हा त्या वेळी लीगच्या इतिहासातला सर्वांत अचूक किकर गणला जात होता. त्याची किक उजवीकडे बरीच बाहेर गेली आणि हंगाम संपला. त्यानंतर कोल्ट्सने विनाटिएरीलाच आपल्याकडे आणले, आणि पुढच्या जानेवारीत बाल्टिमोरला एकही टचडाउन न करता, केवळ त्याच्या पाच किकांच्या जोरावर आम्ही १५-६ असे जिंकलो. मॅनिंगची पहिली अंगठी त्याच वाटेने आली. एकाच माणसाचा पाय आधी तुमच्याकडे होता, नंतर आमच्याकडे आला, आणि आपण दोन्हीकडचा हिशेब क्वार्टरबॅकच्या नावे मांडला.

आणखी एक जोडी सांगतो, जी मी माझ्या मुलांना नेहमी सांगतो. ब्रेडीच्या पहिल्या सुपर बोल विजयात त्याने पासवर १४५ यार्ड मिळवले. मॅनिंगच्या अखेरच्या सुपर बोल विजयात, फेब्रुवारी २०१६ मध्ये पँथर्सविरुद्ध, त्याने मिळवले १४१. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ईगल्सविरुद्ध ब्रेडीने ५०५ यार्ड मिळवले, तीन टचडाउन पास दिले, आणि सामना ४१-३३ असा हरला. अंगठी हेच माप धरले तर १४५ आणि १४१ यांचे सामने पास आणि ५०५ चा नापास. डेन्व्हरची ती दुसरी अंगठी बचावपटू व्हॉन मिलर आणि त्याच्या सोबत्यांनी जिंकून दिली. मॅनिंगने त्या हंगामात ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन दिली होती आणि मध्यंतरी त्याला बाकावरही बसवावे लागले होते. आमच्याकडचे काही लोक 'दोन वेगवेगळ्या संघांना सुपर बोल जिंकून देणारा पहिला क्वार्टरबॅक' असे म्हणून ती अंगठी मॅनिंगच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून दाखवतात. मी ती तशी दाखवणार नाही. त्याच न्यायाने आपणही पहिल्या तीन अंगठ्यांबाबत थोडा हात आखडता घ्यावा.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसे आहोत. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्ध पाठदुखीने वाकलेल्या सचिनने १३६ धावा केल्या आणि भारत १२ धावांनी हरला. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तो १८ धावांवर बाद झाला आणि भारत जिंकला. सचिनच्या फलंदाजीचे मोल ठरवताना आपल्यापैकी कोणीही वानखेडेच्या त्या १८ धावा चेन्नईच्या १३६ च्या वर ठेवत नाही. हा विवेक आपल्याकडे लहानपणापासून आहे. मग फुटबॉलच्या बाबतीत आपण तो का सोडून देतो, हे मला कळत नाही.

मग मॅनिंगचे मोठेपण कशात होते? ज्यांनी ते कोल्ट्सच्या तेव्हाच्या बंदिस्त मैदानात, आरसीए डोममध्ये, बसून पाहिले त्यांना ते सांगायला फारसे आकडे लागत नाहीत. प्रतिस्पर्धी संघ चढाईवर असला की सर्व शहरांत प्रेक्षक आरडाओरडा करतात, आणि आपला संघ चढाईवर आला की आवाज कमी करतात. इंडियानापोलिसला तर हजारो माणसे एकदम गप्प होत, कारण मॅनिंगचा आवाज त्याच्या सहकाऱ्यांना ऐकू जायला हवा असे. इतर क्वार्टरबॅक घोळक्यात उभे राहून प्रशिक्षकाने पाठवलेली एक चाल सांगतात आणि मग रेषेवर येतात. मॅनिंग घोळका न करता सरळ रेषेवर येई, घड्याळात अजून वीस-वीस सेकंद बाकी असताना. समोरचा बचाव कसा उभा आहे हे तो पाही, बोटाने एकेक लाइनबॅकर दाखवी, सेंटर जेफ सॅटर्डेच्या मागून डावीकडे जाऊन टॅकलच्या कानाशी काही सांगे, परत येई, उजवीकडे मार्विन हॅरिसनला हाताने खूण करी, पाय आपटे, पुन्हा काहीतरी ओरडे, आणि तोवर समोरच्या बचावपटूंनीही घाबरून आपल्या जागा बदललेल्या असत. मग तो सगळे पुन्हा बदले. चाल निवडण्याचा अधिकार प्रशिक्षक टॉम मूर यांनी त्याला दिला होता आणि तो अधिकार पेलण्याइतका अभ्यास त्याने केलेला असे. क्वार्टरबॅकने मैदानावर उभे राहून प्रशिक्षकाचे काम करायचे, ही गोष्ट आधीही काहींनी केली होती, परंतु प्रत्येक चालीला, सबंध सामनाभर, वर्षानुवर्षे ती मॅनिंगइतकी कोणी केली नव्हती. आज कोणत्याही रविवारी दूरचित्रवाणी लावा. तरुण क्वार्टरबॅक रेषेवर हातवारे करत चाल बदलताना दिसतात, आणि ती रीत रुळवण्यात मॅनिंगचा वाटा सर्वांत मोठा आहे.

त्याची फळे मोजताही येतात. २००३ ते २००९ अशी सलग सात वर्षे कोल्ट्सने दरवर्षी किमान १२ सामने जिंकले. मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅनिंगला पाच वेळा मिळाला, ब्रेडीला तीन वेळा. मानेच्या शस्त्रक्रियेमुळे २०११ चा पूर्ण हंगाम तो खेळू शकला नाही, आणि आदल्या वर्षी १० सामने जिंकलेला तोच संघ केवळ २ सामने जिंकू शकला. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा निकामी झाला, तेव्हा मॅट कॅसलच्या हाताखाली पेट्रियट्स ११ जिंकले. या तुलनेवरून फार मोठे अनुमान काढू नये, कारण आमचा २०११ चा संघ इतर बाबतींतही उतरणीला लागला होता. पण कोणाच्या खांद्यावर किती भार होता याची थोडी कल्पना त्यावरून येते.

आणि मॅनिंगबद्दलची सर्वांत मोठी पावती आपल्याच प्रशिक्षकांनी दिली आहे. १५ नोव्हेंबर २००९ च्या रात्री पेट्रियट्स ३४-२८ असे पुढे होते, दोन मिनिटे उरली होती आणि चेंडू त्यांच्याच २८ यार्डांच्या रेषेवर होता. चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड हवे होते (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाता आले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो). अशा वेळी कोणीही चेंडू लांब लाथाडून देतो. बेलिचिक यांनी तसे केले नाही, कारण चेंडू कितीही लांब गेला तरी मॅनिंग तो परत घेऊन येईल, ही धास्ती त्यांना होती. ते दोन यार्ड मिळाले नाहीत आणि मॅनिंगने १३ सेकंद उरलेली असताना रेजी वेनकडे पास देऊन सामना ३५-३४ असा जिंकला. भाऊजींनी त्या रात्री फोन घेतला नाही.

मॅनिंगची कमतरताही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकांगी होईल. प्लेऑफमधला त्याचा हिशेब १४ विजय आणि १३ पराभव असा आहे, आणि नऊ वेळा तो पहिल्याच सामन्यात घरी गेला. त्यातले काही पराभव त्याच्या हाती नव्हते. जानेवारी २०१३ मध्ये रेव्हन्सविरुद्ध अर्ध्या मिनिटाचा खेळ उरलेला असताना डेन्व्हरच्या बचावपटूचा अंदाज चुकला आणि ७० यार्डांचा टचडाउन झाला, तेव्हा मॅनिंग बाकावर होता. परंतु २००३ च्या जानेवारीत जेट्सविरुद्ध ४१-० असा पराभव झाला, त्याला काही सबब नाही. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरने त्याचा पास पकडून ७४ यार्ड धावत नेला, तोही मॅनिंगचाच पास होता. कारकीर्दभरात त्याने २६६ सामन्यांत २५१ इंटरसेप्शन दिली. ब्रेडीने ३३५ सामन्यांत २१२. म्हणजे दर सामन्यामागे मॅनिंगची जवळपास एक आणि ब्रेडीची दोन-तृतीयांशाहूनही कमी. यार्ड आणि टचडाउन दर सामन्यामागे मोजले तर मॅनिंग किंचित पुढे आहे. पण चेंडू जपण्यात ब्रेडी त्याच्या बराच पुढे होता, आणि थंडीतल्या बरोबरीच्या सामन्यांत हाच फरक निर्णायक ठरतो. अंगठ्यांपेक्षा हा आकडा ब्रेडीच्या बाजूने अधिक बोलतो, तरी तो सांगताना मी कोणाला ऐकलेले नाही.

ब्रेडीचे खरे मोठेपण याहूनही पुढचे आहे, आणि तिथेच मला आपल्याशी सर्वांत जास्त बोलायचे आहे. मॅनिंगने एक पद्धत घडवली आणि जिथे गेला तिथे संघाला त्या पद्धतीत बसवले. ब्रेडीने स्वतःला पुन्हा पुन्हा बदलले. २००१ ते २००४ मध्ये तो कणखर बचाव असलेल्या संघाचा चुका न करणारा तरुण होता. २००७ मध्ये रँडी मॉस आला आणि हाच माणूस लांब पासांचा बादशहा झाला. एकट्या मॉसला त्याने २३ टचडाउन दिले आणि संघाने नियमित हंगामातले सोळाही सामने जिंकले. नंतर ग्रॉन्काउस्कीसारखे आडदांड टाइट एंड आले, तेव्हा खेळ मधल्या पट्ट्यात सरकला. वेल्कर आणि एडलमन यांच्यासारख्या ठेंगण्या, चपळ रिसीव्हरांबरोबर तो पाच-सात यार्डांच्या पासांनी इंचाइंचाने पुढे जाऊ लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये फाल्कन्सविरुद्ध २८-३ असे मागे असताना, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने त्या सामन्यात ६२ पास टाकले, त्यांतले ४३ पूर्ण केले, ४६६ यार्ड मिळवले, आणि जादा वेळेत संघ ३४-२८ असा जिंकला. तो सामना मी आमच्या तळघरातल्या दूरचित्रवाणीवर पाहिला. तिसऱ्या सत्रात घरातले सगळे झोपायला गेले होते. पडद्यावर ब्रेडीचा चेहरा जवळून दाखवत होते. त्यावर घाई नव्हती, राग नव्हता, पुढची चाल कोणती एवढाच विचार होता. चौथ्या सत्रात मी उभा राहूनच पाहत होतो, आणि शेवटी जेम्स व्हाइट रेषेपलीकडे पोहोचला तेव्हा, पेट्रियट्सच्या विजयाने मला आनंद होण्याचे काही कारण नसतानाही, माझ्या डोळ्यांत पाणी आले.

मार्च २०१६ मध्ये मॅनिंग निवृत्त झाला तेव्हा ब्रेडीकडे चार अंगठ्या होत्या. उरलेल्या तीन त्याने त्यानंतर, वयाच्या ३९ व्या, ४१ व्या आणि ४३ व्या वर्षी मिळवल्या. शेवटची तर बेलिचिक यांच्यापासून दूर, टँपाला, जो संघ आदल्या वर्षी ७ सामने जिंकून घरी बसला होता. त्याच हंगामात त्याच्यावाचून पेट्रियट्स ७ च जिंकले. ४४ व्या वर्षी त्याने ५,३१६ यार्ड आणि ४३ टचडाउन दिले आणि दोन्हींत लीगमध्ये पहिला आला. २३ हंगाम, ८९,२१४ यार्ड, ६४९ टचडाउन. मॅनिंगच्या शरीराने त्याला ही मुभा दिली नाही. मानेच्या शस्त्रक्रियांनंतर उजव्या हाताच्या बोटांतली संवेदना पूर्ववत झाली नसताना तो डेन्व्हरला गेला, हातमोजा घालून खेळला, आणि तशा हाताने त्याने एका हंगामात ५,४७७ यार्ड आणि ५५ टचडाउन दिले. हे विक्रम पाहिले की वाटते, मान शाबूत राहिली असती तर काय झाले असते. पण कारकिर्दीचा निवाडा झालेल्या गोष्टींवर करावा लागतो, आणि म्हणून मी ब्रेडीच्या बाजूने कौल देतो.

एका गोष्टीचा उल्लेख इथे करतो, तो आमच्या इंडियानातल्या मंडळींसाठी. जानेवारी २०१५ मधल्या कोल्ट्सविरुद्धच्या सामन्यात पेट्रियट्सने कमी हवेचे चेंडू वापरल्याच्या आरोपाचे प्रकरण या तुलनेत आणू नये. लीगने ब्रेडीला चार सामन्यांसाठी निलंबित केले, ते त्याने २०१६ मध्ये भोगले. पण त्या सामन्यात मध्यंतराला चेंडू पुन्हा नीट भरले गेले, त्यानंतर पेट्रियट्सने आणखी २८ गुण केले आणि आमचा संघ ४५-७ असा हरला. आणि प्रत्येक संघाने आपापले चेंडू स्वतः तयार करावेत ही मुभा २००६ मध्ये लीगकडे ज्यांनी मिळून मागितली होती, ते दोघे होते ब्रेडी आणि मॅनिंग. एकमेकांविषयी त्यांच्या मनात जो आदर होता तो त्यांच्या चाहत्यांत क्वचितच उतरला.

२१ जानेवारी २००७ चा सामना मला अजून काल झाल्यासारखा आठवतो, कारण तो मी डोममध्ये बसून पाहिला. दुसऱ्या सत्रात पेट्रियट्स २१-३ असे पुढे गेले होते. मध्यंतराला भाऊजींचा फोन आला. ते हसत होते आणि मी बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. त्यानंतर जे घडले ते आपल्याला ठाऊकच आहे. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लाइनमनांनी, पेट्रियट्सच्या मँकिन्सने आणि आमच्या जेफ सॅटर्डेने, सुटलेल्या चेंडूवर झेप घेऊन एकेक टचडाउन केला. ज्यांच्या हाती चेंडू सहसा येत नाही अशा माणसांनीही तो सामना घडवला. शेवटी मॅनिंगने ८० यार्डांची चढाई करून संघाला ३८-३४ असे पुढे नेले आणि ब्रेडीसाठी एक मिनिट उरले. त्या मिनिटात मॅनिंग काय करत होता? बाकावर मान खाली घालून बसला होता, मैदानाकडे न पाहता. एका मिनिटात ब्रेडी काय करू शकतो, हे त्या डोममध्ये त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मार्लिन जॅक्सनने ब्रेडीचा पास पकडला तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

माझी विनंती एवढीच आहे की, यापुढे मुले आपल्याला या दोघांविषयी विचारतील तेव्हा त्यांना अंगठ्यांचा आकडा सांगून गप्प करू नये. त्यांना २००९ ची ती चौथ्या प्रयत्नाची चाल दाखवावी, फाल्कन्सविरुद्धचे शेवटचे सत्र दाखवावे, ३३५ सामन्यांतली २१२ इंटरसेप्शन दाखवावीत, आणि मग त्यांना जे वाटेल ते वाटू द्यावे. आम्हीही आमच्याकडे हेच करू, आणि तीन-दोनचा आमचा लाडका आकडा मागे ठेवू.

२०२८ च्या ऑगस्टमध्ये ब्रेडीचा सत्कार कँटनला होईल, याविषयी माझ्या मनात शंका नाही. आमच्याकडून ते अंतर मोटारीने पाच-सहा तासांचे आहे. आपल्याला बरेच जास्त पडेल. तरीही यावे. आम्ही दहा-बारा घरे येथून निघण्याच्या विचारात आहोत. मॅनिंगचा अर्धपुतळा २०२१ च्या तुकडीत आहे, तो आपल्याला आम्ही दाखवू, आणि ब्रेडीचा आपण आम्हाला दाखवावा. भाऊजींना मी कळवले आहे. डबा आमच्याकडून असेल.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
कोलंबस, इंडियाना येथील एक मराठी फुटबॉलप्रेमी